चहात बुडवलेलं दीड बिस्किट

प्रश्न : माझा मुलगा 22 महिन्यांचा आहे, वजन 11 किलो. उजव्या जांघेत हर्निया आहे म्हणून ऑपरेशन ठरलं होतं. आदल्या दिवशी फोनवर सांगितलं, रात्री बारानंतर तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. त्याला दहा वाजता भात भरवून झोपवलं. तो रात्री दोनदा अंगावर प्यायला उठतो. त्या रात्री मी पाजलं नाही. नवरा त्याला खांद्यावर घेऊन पहाटेपर्यंत फेऱ्या मारत होता. सकाळी नऊची वेळ दिली होती, पण मध्येच अपघाताची केस आली आणि आमचा नंबर मागे मागे गेला. साडेबारापर्यंत पोर रडून रडून मलूल झालं. मी कागदांवर सह्या करायला गेले तेवढ्यात सासूबाईंनी कँटीनच्या चहात बुडवून त्याला दीड बिस्किट भरवलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, काही खाल्लंय का? सासूबाई गप्प. माझं लक्ष त्याच्या शर्टावरच्या चुऱ्याकडे गेलं आणि मी सांगून टाकलं. ऑपरेशन पुढच्या गुरुवारवर गेलं. तेव्हापासून सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. नवरा म्हणतो, दीड बिस्किटानं काय होतंय, तू गप्प बसली असतीस तर आज मोकळे झालो असतो. माझं चुकलं का? आणि इतक्या लहान पोराला पुन्हा चौदा-पंधरा तास उपाशी कसं ठेवू? गुरुवारी सासूबाईंना घरीच ठेवावं असं वाटतंय.
(एक आई, सातारा जिल्हा)

उत्तर : आधी तुमच्या यजमानांच्या प्रश्नाचा निकाल लावू. दीड बिस्किटानं काय होतं?

बहुतेक वेळा काहीच होत नाही. मी तीस वर्षं भूल देण्याचं काम केलं आहे, तेव्हा भीती घालायला म्हणून काही सांगणार नाही. भूल देताना पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाणं हा प्रकार ब्रिटन आणि युरोपातल्या मोठ्या पाहण्यांमध्ये दहा हजार मुलांमागे साधारण दोन ते दहा मुलांच्या बाबतीत आढळला, आणि त्यांतली बहुतेक मुलं बरी होऊन घरी गेली. मात्र यजमानांना पुढचं वाक्यही वाचून दाखवा. या पाहण्यांतली बहुतेक मुलं नियमानं उपाशी ठेवलेली होती. भरल्या पोटी सर्रास भूल देऊन किती मुलांचं काय होतं हे मोजायला कुणी धजावलेलं नाही.

भूल म्हणजे गाढ झोप असं आम्हीच पालकांना सांगतो, कारण ते सांगायला सोपं असतं. पण झोपेत घशात थुंकी अडकली तरी ठसका लागतो आणि मूल जागं होतं. भुलीत तो ठसकाच झोपलेला असतो. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे एक घट्ट वळी असते, भुलीच्या औषधांनी तीही सैल पडते. अशा वेळी पोटातलं घशाशी आलं तर ते श्वासनलिकेत जायला वाट मोकळी असते. चहात भिजलेल्या बिस्किटाचा लगदा छोट्या मुलाची श्वासनळी बुजवू शकतो; 22 महिन्यांच्या मुलाची ती नळी फार तर त्याच्याच करंगळीएवढी असते. नुसतं आम्ल गेलं तर फुप्फुस आतून भाजल्यासारखं होतं.

हे सगळं नीट कळलं ते बाळंतिणींमुळे. न्यूयॉर्कमधल्या कर्टिस मेंडेलसन नावाच्या प्रसूतितज्ज्ञानं 1946 साली एक लेख लिहिला. 1932 ते 1945 या काळात त्याच्या रुग्णालयात 44,016 बाळंतपणं झाली होती. त्यांतल्या 66 जणींच्या फुप्फुसात भूल देताना पोटातलं गेलं. दोघी दगावल्या, आणि त्या दोघींचीही श्वासाची वाट घट्ट अन्नानं बंद झाली होती. मग त्यानं सशांवर प्रयोग करून दाखवलं की पातळ पदार्थ फुप्फुसात गेला तर खरा घात त्यातलं आम्ल करतं. अन्नाचा धोका वेगळा, आम्लाचा वेगळा, असं त्याच्या लेखात स्पष्ट आहे. जगानं मात्र त्यातून एकच ओळ उचलली : पोट रिकामं ठेवा.

तर तुमचं चुकलं का? मुळीच नाही. त्या दिवशी सगळ्यांत मोलाचं काम तुम्हीच केलंत. चुरा पाहून तुम्ही तोंड उघडलंत म्हणून त्या डॉक्टरांना योग्य निर्णय घेता आला. चहा-बिस्किटानंतर सहा तास थांबायचं तर संध्याकाळचे साडेसहा वाजले असते, आणि हर्नियाचं ठरवून करायचं ऑपरेशन त्या वेळी कुणी घेत नाही. एक आठवडा गेला, बाकी काही गेलं नाही. आता काही ठिकाणी पोटावर सोनोग्राफीची मूठ ठेवून जठर रिकामं आहे का ते बघतात, पण ती सोय सगळीकडे नाही. आमची खरी तपासणी म्हणजे आईला विचारलेला तो एक प्रश्न. त्याचं उत्तर खोटं आलं तर आम्ही आंधळे.

आता मला जे खरं बोलायचंय ते. पोराला चौदा तास उपाशी ठेवलं याचं तुम्ही वाईट वाटून घेता आहात. वाईट वाटण्यासारखं आहेच, पण त्यात तुमचा दोष नाही. बिस्किट द्यायला नको होतं हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की त्या मुलाला सकाळी पाणी मिळायला हवं होतं. 'रात्री बारानंतर काही नाही, पाणीसुद्धा नाही' हा नियम आळशी आहे. सगळ्यांना एकच वेळ सांगितली की कुणाचा नंबर कधी लागेल याचा विचार करावा लागत नाही, एवढाच त्याचा फायदा. वॉर्डात त्याला 'एनबीएम' म्हणतात, म्हणजे 'निल बाय माउथ', तोंडावाटे काही नाही. केसपेपरवर ही तीन अक्षरं लिहिली की सगळे निर्धास्त, मग पोर कितीही रडो.

गंमत अशी की जुनी माणसं आमच्यापेक्षा शहाणी होती. जंतुनाशक शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्या जोसेफ लिस्टरनं 1883 मध्येच लिहून ठेवलं होतं की क्लोरोफॉर्म (तेव्हाचं भुलीचं औषध) देताना पोटात घट्ट अन्न नसावं, पण दोन तास आधी कपभर चहा द्यावा, तो फायद्याचाच असतो. (कोरा चहा असणार, आपला दुधाचा उकळलेला नव्हे.) म्हणजे अन्न वेगळं आणि पाणी वेगळं हे एकशे चाळीस वर्षांपूर्वी माहीत होतं. मग विसाव्या शतकाच्या मध्यात दोन्हींची मोट एकत्र बांधली गेली. ती सोडवायला सुरुवात झाली 1986 च्या सुमारास, जेव्हा कॅनडात ऑपरेशनच्या दोन-तीन तास आधी पाणी पाजून लोकांच्या पोटात किती उरतं ते मोजलं गेलं. पाणी प्यायलेल्यांच्या पोटात न प्यायलेल्यांपेक्षा जास्त काही सापडलं नाही. पुढे लहान मुलांना सफरचंदाचा गाळलेला रस देऊन पाहिलं, तिथेही तेच. याचं कारण साधं आहे. जठर रिकामं ठेवलं म्हणून कोरडं होत नाही, त्यात आम्ल पाझरतच राहतं. पाणी मात्र थांबत नाही. प्यायलेल्या पाण्यातलं निम्मं वीसेक मिनिटांत पुढे आतड्यात गेलेलं असतं.

1999 मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं दोन-चार-सहा-आठ असा हिशोब छापला आणि तो जगभर पसरला. भारतातही बहुतेक भूलतज्ज्ञ हाच धरून चालतात. भूल द्यायच्या वेळेपासून मागे मोजायचं : पाण्यासारखं पातळ दोन तास आधीपर्यंत, अंगावरचं दूध चार तास, वरचं दूध किंवा हलकं खाणं सहा तास, तळलेलं-तुपकट आठ तास. 2018 पासून युरोपातल्या लहान मुलांच्या भूलतज्ज्ञांनी पाण्याची मर्यादा आणखी उतरवून एक तासावर आणली. 2022 च्या युरोपीय सूचनांमध्ये तर अंगावरच्या दुधाला तीन तास आणि पावडरच्या दुधाला चार तास पुरेसे मानले आहेत. स्वीडनमधल्या उप्साला शहरातलं रुग्णालय याच्याही पुढे गेलं आहे. तिथे मुलाला ऑपरेशन थिएटरमध्ये बोलावणं येईपर्यंत पाणी पिऊ देतात, आणि दहा हजारांवर मुलांची नोंद तपासली तेव्हा पोटातलं फुप्फुसात जाण्याचं प्रमाण दहा हजारांत तीनच निघालं. तुमच्या रुग्णालयानं असं करावं असं मी म्हणत नाही. पण पाण्याला कुणी एवढं घाबरत नाही हे तुम्हाला ठाऊक असावं.

आपल्या भाषेत 'अंगावरचं' आणि 'वरचं' असे दोन शब्द आहेत, आणि भूल देणाऱ्यांनाही नेमका हाच फरक लागतो. दूध ग्लासात पातळ दिसतं, पण पोटात गेलं की आम्लानं फाटतं आणि त्याचा गोळा होतो. पनीर करताना बघतो तसंच. गाई-म्हशीच्या दुधात हा गोळा करणारं केसीन नावाचं प्रथिन भरपूर असतं, म्हशीच्यात वर सायही दाट. आईच्या दुधात केसीन कमी आणि निवळीसारखा भाग जास्त, त्याची गाठही मऊ आणि बारीक, म्हणून ते लवकर पुढे सरकतं. चमचाभर दूध घातलेला चहा आमच्या हिशोबात चहा नाही, वरचं दूधच. तेव्हा बिस्किट बाजूला ठेवलं तरी त्या दिवशी नुसता चहासुद्धा सहा तासांना पडला असता.

लहान मुलाला फार वेळ कोरडं ठेवलं तर होतं काय? तुमच्या पत्रात 'मलूल' असा शब्द आहे, तो बरोबर आहे. त्यांच्या शरीरात साखरेचा साठा थोडा आणि खर्च मोठ्यांच्या मानानं दांडगा. निरोगी मुलाची साखर सहसा धोक्याच्या पातळीपर्यंत उतरत नाही, पण आठ-दहा तासांनंतर शरीर चरबी जाळू लागतं, मळमळतं, चिडचिड होते. रक्तातलं पाणी कमी झालं की भूल देताना रक्तदाब जास्त उतरतो. शिरा बारीक होतात, मग सुई दोन-तीनदा टोचावी लागते. आम्हा लोकांनाही तहानलेलं पोर नकोच असतं. सकाळी चार घोट पाणी प्यायलेलं मूल आणि रात्रीपासून कोरडं ठेवलेलं मूल यांच्या हाताच्या शिरा नुसत्या पाहून ओळखता येतात.

आता गुरुवारचं बघू. वेळ पुन्हा सकाळी नऊची आहे असं धरते. बुधवारी रात्री त्याला नेहमीसारखं जेवू घाला. मऊ भात, वरण, खिचडी. भजी, वेफर्स, पनीर नको. वरचं दूध पित असेल तर पहाटे तीनच्या आत. अंगावर पाजायचं असेल तर पाचच्या आत, आणि यासाठी गजर लावा. हो, झोपलेल्या मुलाला उठवून पाजा. मागच्या वेळी उलट झालं, जागं मूल न पाजता फिरवत राहिलात. साडेचारला निवांत पाजा, तो पुन्हा झोपेल. पाचनंतर मात्र नुसतं चोखतोय, दूध येत नाही, असं म्हणून लावू नका. येतं थोडं. ते दूधच धरायचं. त्या चार तासांत त्याला बाबाकडे किंवा आजीकडे द्या. तुमच्या अंगाचा वास आला की तो मागणारच.

मग सातच्या थोडं आधी पाणी किंवा साखरपाणी. किती? एक तासाच्या नियमावर चालणारे डॉक्टर किलोमागे तीन मिलीपर्यंत देतात, म्हणजे तुमच्या अकरा किलोच्या पोराला तेहेतीस मिली, औषधाच्या चमच्यानं सहा-सात चमचे. दोन तास आधी देताना थोडं जास्त झालं तरी चालतं, मात्र त्याला होईल तेवढंच द्या, बळजबरी नको.

हे सगळं मी कागदावर सांगितलं, पण शेवटचा शब्द तुमच्या भूलतज्ज्ञांचा. मुलाला उलट्यांचा त्रास असेल, जठरातलं वर यायची सवय असेल, तर ते वेळ बदलतील. म्हणून बुधवारी दुपारीच रुग्णालयात फोन करा आणि 'उपाशी कधीपासून ठेवायचं?' असं विचारू नका. तसं विचारलं की 'रात्री बारापासून' हेच उत्तर येतं. दोन वेगळे प्रश्न विचारा : दूध आणि खाणं शेवटचं किती वाजता? आणि साधं पाणी शेवटचं किती वाजता? फोनवर बोलणाऱ्याला माहीत नसेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारून सांगा म्हणावं. त्याच फोनवर आणखी एक मागा, लहान मुलाला यादीत पहिलं ठेवाल का? बऱ्याच ठिकाणी लहानांना पहिलं घेतातच, पण आईनं मागितलं की विसर पडत नाही.

आणि यादी पुन्हा घसरली तर? अपघाताची केस येणारच, तिला कुणी थांबवू शकत नाही. पण नऊचे दहा झाले की गप्प बसायचं नाही. सिस्टरकडे जाऊन नीट शब्दांत विचारा, 'अजून किती वेळ लागेल? दोन तासांपेक्षा जास्त असेल तर डॉक्टरांना विचाराल का, त्याला पाणी देऊ का?' गेल्या वेळी हा प्रश्न साडेदहाला विचारला गेला असता तर पोराला साखरपाणी मिळालं असतं आणि कदाचित ते दीड बिस्किट कुणाला आठवलंही नसतं. पाणी द्यायचंच नसेल तर सलाईन लावता येतं. यात उद्धटपणा काही नाही. आम्हीही विसरतो, आम्ही आत असतो.

'पाण्यासारखं' म्हणजे काय यावर मी आयुष्यात फार वाद घातलेत. ओळखायची खूण अशी : काचेच्या ग्लासात ओतून त्यामागे वर्तमानपत्र धरा, अक्षरं वाचता आली पाहिजेत. पाणी, साखरपाणी, मोठ्या मुलांना कोरा चहा, गर नसलेला सफरचंदाचा रस यात बसतात. नारळपाणी, बारीक गाळलेलं लिंबूपाणी किंवा ओआरएस द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून. ताक, पेज, नाचणीचं सत्त्व, मुगाचं कढण, वरणावरचं पाणी, मोसंबीचा रस हे अजिबात बसत नाहीत. 'अहो, नुसतं वरचं पाणी दिलं' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वरणाचं पातेलं पाहिलं तरी आठवतं.

आता सासूबाई. त्यांना घरी ठेवू नका.

माझ्या उमेदवारीच्या काळातली गोष्ट सांगते. सहा-सात वर्षांच्या एका मुलीचं टॉन्सिलचं ऑपरेशन होतं. मी आदल्या संध्याकाळी वॉर्डात जाऊन घाईत सांगितलं, 'उद्या सकाळी हिला उपास आहे बरं का.' सकाळी विचारलं तर आजी कौतुकानं म्हणाल्या, 'नाही हो, दुसरं काही नाही दिलं. फक्त साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट घालून.' वरून उपासाचं ताक. मला आधी हसू आलं, मग स्वतःचा राग आला. आजीचं काय चुकलं? आपल्याकडे उपास म्हणजे दुप्पट खाशी. मी चुकीचा शब्द वापरला होता. त्या दिवसापासून मी 'उपास' हा शब्द सोडला. आजी असेल तर सरळ विचारते, 'आजी, हरतालिकेला तुम्ही निर्जळी करता ना? आणि एकादशीला फराळ?' मग सांगते, बाळाला एकादशी चालत नाही. दूध-अन्नाच्या बाबतीत तुमच्या हरतालिकेसारखं कडक. पण पाण्याच्या बाबतीत तेवढं कडक नको, हरतालिकेपेक्षा सोपं. कुठल्याही पत्रकापेक्षा हे त्यांच्या डोक्यात लवकर बसतं, कारण पोटावर ताबा ठेवायचा अनुभव त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहे.

तुमच्या सासूबाईंना कुणी कारण सांगितलं होतं का? 'काही देऊ नका' हा हुकूम सांगितला असेल. हुकूम आणि समोर भुकेनं रडणारा नातू, यांत नातू जिंकणारच. मीही आजी झाले आहे, माझीही खात्री नाही. त्यांना हे सांगा की भुलीत ठसका लागत नाही, म्हणून पोटातलं वर आलं तर ते छातीत उतरतं. आणि हे सुनेच्या तोंडून 'तुमच्यामुळे' अशा सुरात जाण्यापेक्षा मुलानं सांगितलेलं बरं. गप्प बसली असतीस तर, असं म्हणणाऱ्यानं एवढं काम करावं. शिवाय त्या गप्प बसल्या त्या लाजेनं. चौकशीच्या वेळी सगळ्यांसमोर पकडलं गेल्यासारखं झालं असणार. तुम्ही बोलायचं तर एकच बोला, तो भुकेला होता हे तुम्हाला दिसलं, ते बरोबरच दिसलं, पाणी आपण मागायला हवं होतं.

आणि त्यांना काम द्या. पहाटेचा गजर, पाण्याचे चमचे मोजणं आणि सातनंतर पहारा, हे तिन्ही त्यांच्याकडे. पहारा हे खरंच काम आहे. थिएटरबाहेरच्या बाकावर कुणीतरी मावशी 'घे रे राजा' म्हणत चॉकलेट काढतेच. चुलतभावाच्या खिशात गोळ्या असतात. गावाकडून कुणी देवाचा प्रसाद घेऊन येतो. अंगारा कपाळाला लावा, जिभेवर नको. तीर्थ साधं पाणी असेल तर घरातल्यांनी घ्यावं, पंचामृत असेल तर बाळाच्या जवळही नको, त्यात दूध-दही दोन्ही आहे. प्रसादाचा पेढा डब्यात ठेवा, तो कुठे जात नाही. त्याच्या शर्टावर कागद टाचून 'मला खाऊ देऊ नका' असं मोठ्या अक्षरात लिहिलंत तरी चालेल. माझ्या ओळखीच्या एका बालशल्यचिकित्सक बाई असे कागद स्वतःच लिहून ठेवतात.

इतकं करूनही काही पोटात गेलं, तर काय, किती आणि नेमकं किती वाजता, हे तिघांपैकी ज्याला माहीत असेल त्यानं सांगायचं. रागावणार नाही असं कबूल करूनच निघा घरातून.

दोन गोष्टी पत्रात नाहीत, तरी विचारते. त्याला सर्दी-खोकला आहे का? गेल्या पंधरा दिवसांत ताप, वाहतं नाक, छातीत घरघर झाली असेल तर ते बुधवारच्या फोनवरच सांगा. सर्दीत मुलांच्या श्वासनळ्या चिडलेल्या असतात, भुलीत त्या आवळतात. मग आणखी दोन-तीन आठवडे थांबायला सांगतील, ते ऐका. दुसरी त्याहून महत्त्वाची. गुरुवार येईपर्यंत हर्नियाची गाठ नेहमी आत जाते तशी आत गेली नाही, कडक झाली, लाल दिसली, तो कळवळून रडू लागला किंवा उलट्या झाल्या, तर गुरुवारची वाट पाहू नका, तडक रुग्णालय गाठा. आतडं अडकलेलं असू शकतं. अशा वेळी पोट भरलेलं असो की रिकामं, ऑपरेशन करावंच लागतं, आणि भरल्या पोटी भूल देण्याची वेगळी पद्धत आम्हाला येते. फक्त वाटेत त्याला काही देऊ नका आणि शेवटचं कधी खाल्लं ते लक्षात ठेवा.

ऑपरेशननंतरचं थोडक्यात. भूल उतरताना तो चिडेल, ओळख नसल्यासारखं रडेल, तासाभरात निवळतो. बाहेर आला म्हणून लगेच घास भरवायचा नाही. सिस्टर 'हो' म्हणाल्या की आधी पाणी, नाहीतर तो मागेल तर सरळ अंगावर घ्या. एखादी उलटी झाली तर घाबरू नका. तासाभरानं पोट शांत असेल आणि तो मागत असेल तर मऊ काहीतरी. तोवर सासूबाईंच्या पिशवीत बिस्किटाचा पुडा असू द्या, बंद.